खाजण्यांची बुद्धी वजा दोन

बाबा, तुला आधी हे सांगायला हवं की मी दर रविवारी दुपारी नवीन पनवेलला एका मित्राच्या हॉलमध्ये बसून तीन मोठ्या माणसांना नसलेल्या जगात फिरवून आणतो. दचकू नकोस. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, बाटली नाही. चहा असतो, मित्राच्या बायकोने केलेले पोहे असतात, टेबलावर वीस बाजूंचे फासे आणि कागद असतात, आणि मी बोलत असतो. मी म्हणतो, तुम्ही खाडीच्या काठाला उभे आहात, समोर बेट आहे, बेटावर दिवा दिसतोय, काय करता? मग ते काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. नाटकासारखं समज, फक्त पाठांतर कुणाचं नाही आणि बघायलाही कुणी नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस हे करतो म्हटल्यावर तू काय म्हणाला असतास ते मला ऐकू येतंय: "याला कामधंदा नाय." आहे रे. कंटेनरच्या यार्डात ऑफिसात बसतो, आपलं मिठाचं आगर होतं तिथून हाकेच्या अंतरावर. मिठागर आता नाही. भराव टाकून सगळं सपाट केलंय.

खेळातलं जग विकतचं नाही, घरचं आहे. नद्या मी काढल्या, डोंगर मी काढले, आणि त्यात राहणारे लोकही मीच घडवले. माणसं थोडी, बाकी सगळे माणसं नसलेले. त्यांना जाती म्हणावं तर आपल्याकडे त्या शब्दाला भलताच वास, म्हणून मी नुसतं लोक म्हणतो. डोंगरावरचे पंखवाले आहेत. त्यांना खाली तरंगत येता येतं, पण परत वर जायचं तर पायऱ्या चढूनच. गोड्या पाण्यातले कल्लेवाले आहेत, ते खाडीच्या अलीकडेच थांबतात, कारण खारं पाणी लागलं की त्यांच्या कल्ल्यांची आग होते. दगडासारख्या कातडीचे आहेत, ते वर्षातून एकदा जेवतात आणि जेवले की महिनाभर कुणाशी बोलत नाहीत. हॉलवाला मित्र बँकेत आहे, त्याला हे सगळं फार पटतं. म्हणतो, "तुझे लोक खरे वाटतात यार, कुठून सुचतं तुला?" मी खांदे उडवतो. सुचतं म्हणे! कपाळ माझं.

सहावीत असताना तू मला पनवेलच्या बाजारातून चित्रकलेची मोठी वही आणली होतीस, आठवतंय? मी पहिल्याच दिवशी चार हातांचा पंखवाला माणूस काढला. तू आगरातून येऊन ओट्यावर पाय धूत बसला होतास, टाचांच्या भेगांतलं मीठ नखाने काढत होतास. ओले हात सदऱ्याला पुसलेस, वही घेतलीस, लांब धरून बघितलीस. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तू विचारलंस, "हा खातो काय?" मी म्हटलं, काहीही. तू म्हणालास, "येवरा मोठा गडी, काईपन खाऊन कसा भागल? आनि पानी? डोंगरावर पानी कुठला?" मग पंखांवर बोट ठेवून, "खाली उतरंल हा. वर कसा जाईल?" मी चिडलो. म्हटलं, बाबा, गोष्टीतला आहे तो. तू वही परत देत म्हणालास, "गोष्टीतला झाला म्हनून काय उपाशी राहील?" तेव्हा मला रडू आलं होतं. आज माझ्या जगातल्या प्रत्येक लोकाच्या पानावर पहिल्या तीन ओळी त्याच आहेत. खातात काय, पाणी कुठलं, ये-जा कशी. चौथी मी वाढवली, मेलेल्याला काय करतात. शाबासकी मात्र सगळी मी एकटा घेतो.

आता मुद्द्यावर येतो. त्या जगाच्या खाडीकाठी मी खाजणे नावाचे लोक ठेवले. राखाडी अंग, रुंद पावलं, बोटांत पडदा, चिखलात रुतत नाहीत. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून डोळे जाऊ नयेत म्हणून तिसरी पापणी. त्यांच्या घामाचं अंगावरच मीठ होतं, ते संध्याकाळी एकमेकांच्या पाठीवरून खरवडून काढतात. हे सगळं छान जमलं होतं. पण या खेळात प्रत्येक लोकाला आकडे द्यावे लागतात, बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती, आणि सगळ्यांची बेरीज सारखी यावी लागते, नाहीतर बँकवाला वाद घालतो. खाजण्यांना मी बळ अधिक तीन दिलं. मग कुठून तरी कापायला हवं. मी पेन उचललं आणि क्षणभरही न थांबता बुद्धीपुढे वजा दोन लिहिलं. चपळाईतून कापता आलं असतं. रूपातून कापता आलं असतं. हात थेट तिथेच गेला.

आणि त्यांना आवाज द्यायची वेळ आली तेव्हा मी तुझा दिला. म्हणजे आपली बोली, आणि वर तुझा तो चिडल्यावरचा खरखरीत सूर. "आमी नाय जानार! तुमी कोन सांगनार आमाला?" हॉल हसून हसून लोळला. मित्राची बायको डोळे पुसत म्हणाली, "किती हुबेहूब! कुठे ऐकलंस?" मी म्हटलं, यार्डात ऐकतो ना रोज. त्यांना मी पुण्याकडचा वाटतो. वडिलांचं विचारलं की मी सांगतो, मिठाचा बिझनेस होता. खोटं नाही, पण तूच सांग, बिझनेस हा शब्द तू कधी तोंडात घेतला होतास का?

मागच्या वर्षी आमच्यात एक मुलगी आली. उरणकडच्या गावातली, इथे एका लॅबमध्ये रक्त तपासते, वय पंचविशीच्या आत. मला सर म्हणते. पहिल्या दिवशी मी सगळ्या लोकांची पानं तिच्यापुढे ठेवली, एकेकाचा आवाज काढून दाखवला. खाजण्यावर बाकीचे नेहमीसारखे लोळले, ती बेताचं हसली आणि म्हणाली, "मला हाच द्या." मी म्हटलं, अगं, याची बुद्धी कमी आहे, खेळायला कठीण जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे की, बघू." तिने इतका सुंदर खेळवला तो खाजणा, काय सांगू. बाकीचे तलवारी काढायचे, हा चिखलात हात घालून बघायचा, वारा कुठला आहे ते विचारायचा.

दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. खेळात संध्याकाळ झालेली, मी सांगून बसलोय की आकाशात चौथीची कोर आहे. समोर बेट, मध्ये खाडी, होडी नाही. बँकवाला मंत्रांची यादी चाळतोय. ही एकदम म्हणते, "चौथ ना? चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती होऊन गेली. म्हणजे सहा तासांनी, नवाला खाडी सुकणार. नवापर्यंत थांबू आणि चालत जाऊ." बाबा, माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यासकट मी काय केलं ऐक. मी म्हटलं, "थांब. हे तुला कळलं, तुझ्या खाजण्याला कळलं का? फासा टाक." तिने टाकला. अकरा. वजा दोन, नऊ. दहा हवे होते. मी म्हटलं, "त्याला नाही कळत." मग बँकवाल्याने आपल्या पंखवाल्यासाठी फासा टाकला, त्याची बुद्धी अधिक तीन, त्याला सोळा पडले, आणि मी त्याला सांगितलं, तुझ्या लक्षात येतं, नऊ वाजता ओहोटी आहे. ती म्हणाली, "पण सर, हिशोब तर मी केला." मित्र म्हणाला, "अगं गेम आहे, मनाला काय लावून घेतेस!" ती हसली. नऊ वाजता सगळे चालत बेटावर गेले. खेळ संपल्यावर तिने फासे पिशवीत भरले आणि चप्पल घालून निघाली. बुधवारी मेसेज आला, पुढचे काही रविवार जमणार नाही, ड्युटी आहे.

ड्युटी कसली डोंबलाची! मला कळलं होतं काय झालं ते, आणि तिचं बरोबर होतं हेही खेळ चालू असतानाच कळलं होतं. कारण ही पाऊणपट तू मला शिकवली होतीस. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. आठमीला सहा, बारसीला नऊ. मला तेव्हा शाळेची घमेंड. मी पेपरात छापलेल्या भरतीच्या वेळा घेऊन तुझ्यासमोर बसायचो, तिथी विचारायचो, तू जेवता जेवता, घास न थांबवता सांगायचास, आणि मी पेपरात बघायचो. अर्धा तास इकडेतिकडे, त्यापलीकडे तू कधी चुकला नाहीस. पंधरा दिवस मी तुझी परीक्षा घेतली. सोळाव्या दिवशी तू विचारलंस, "पास झालो का रं?" आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या माणसाला मी फासा टाकायला लावला, बाबा. आणि नापास केला.

त्याला नाही कळत, हे शब्द तोंडातून गेले आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की ते मी पहिल्यांदाच वापरले नव्हते. बारावीत होतो. आगरं सरकार घेणार म्हणून पनवेलच्या एका सरकारी कचेरीत गावातल्या एकेकाला बोलावून विचारपूस चालली होती. तू इस्त्रीचा सदरा घातला होतास, कागद प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून घेतले होतेस. साहेबाने विचारलं, मिठागरात पाणी कधी घेता? तू घसा साफ केलास, म्हणालास, "आमी काय करतो सायेब..." आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मी मध्ये पडलो. म्हटलं, "सर, त्यांना नाही कळत, मला विचारा." जन्मभर तुला अरे-तुरे केलं, पहिल्यांदा आदराने बोललो तो असा. साहेब माझ्याकडे वळला. मी म्हटलं, पाणी रोज घेतात, भरती आली की. त्याने लिहून घेतलं. तू छताच्या पंख्याकडे बघत बसलास. त्या कागदाने आपलं काही कमीजास्त झालं नाही, आगर जायचं होतं ते गेलंच. मला खरंच माहीत नव्हतं पाणी कधी घेतात ते. आगरात मी कधी धड गेलोच नव्हतो.

बाहेर आल्यावर एसटी स्टँडसमोर तू मला उसाचा रस पाजलास, स्वतः नाही घेतलास. म्हणालास, "रोज नाय घेत पानी. अवस-पुनवेच्या उधानाला घेतो. रोज घेतला तर मीठ व्हईल कवा? मना इचारला असतास तर सांगितला असता." मी ग्लासात बघत होतो. मग तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे. तू बोल्लास तर बोल्लास." आणि गाडी लागली.

तर मी खाजण्यांचं पान काढलं. पहिल्यांदा वजा दोन खोडून अधिक दोन केलं आणि स्वतःचंच हसू आलं. खोडरबराने माफी मागतोय! नवा कागद घेतला. खातात काय इथपासून सुरुवात केली. लिहिलं की अवसेला आणि पुनवेला बांधाचं लाकडी दार उचलून खाडी आत घेतात, बाकी दिवस तिला बाहेर ठेवतात. मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी चोपतात, बाया-बाप्ये एका रांगेत, टाच आधी मग चवडा, पाय फुटेपर्यंत. पहिलं मीठ पडतं त्या दिवशी त्यातली मूठभर परत खाडीत टाकतात. हे तू करायचास, दुसरं कुणी करताना मी बघितलं नाही. सगळ्यात खाली लिहिलं: भरती, ओहोटी, वारा, चिखल, यांसाठी खाजण्यांना फासा नको. त्यांना कळतं. पानाचा फोटो तिला पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. ऑफिसात दर दहा मिनिटांनी फोन उलटा करून बघत होतो. चौथ्या दिवशी अंगठा आला, नुसता अंगठा.

काल ती आली. पोहे घेतले, पान हातात धरून पुन्हा सगळं वाचलं आणि म्हणाली, "सर, ही अवस-पुनव तुम्हाला कोणी सांगितली? बाहेरच्याला नाय ठाऊक हे. नेटवर पण नाय." वाचलं कुठंतरी, हे उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं, देवाशपथ. मी म्हटलं, "माझ्या बाबाने. आगरी होता तो, मिठागरात होता." मित्राचा चमचा हवेतच. "अरे, तू तर बिझनेस म्हणायचास!" मी म्हटलं, फावडं आणि पायांचा बिझनेस. तिने पान खाली ठेवलं. "म्हणजे तो आवाज?" मी म्हटलं, तोही त्याचाच. मला वाटलं आता ही उठून जाणार, आणि गेली असती तर मी अडवणार नव्हतो. ती म्हणाली, "माझा आजा पण आगरात होता. आवाज बरोबर काढता तुम्ही. पण नेहमी चिडलेलाच का काढता? हसत नव्हते का ते?"

हसायचास की. घास तोंडात असताना, डोळे बारीक करून, पास झालो का रं म्हणत. मग मी तसा काढून दाखवला. कुणी लोळलं नाही, पण तिने मान डोलावली आणि फासे पिशवीतून बाहेर काढले.

हे पत्र मी त्या चित्रकलेच्या वहीत ठेवणार आहे, चार हातांच्या माणसाच्या पानात. ती आईने जपली होती, अजून माझ्याकडे आहे. पाठवायला तुझा पत्ता नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची छाती नाही. पण वर एका ठिकाणी मी खोटं लिहिलंय, ते तसंच ठेवून वही मिटवत नाही. खाजण्यांचं पान लिहिताना अवस-पुनव लिहायला मी एकदाही अडलो नाही. अडेन कसा? दर उधाणाला आई माझ्या हातात डबा देऊन मला आगरात पाठवायची, आणि तू बांधाचं दार उचलायचास तेव्हा मी शेजारी उभा असायचो. त्या कचेरीत मला माहीत होतं, बाबा. अवस-पुनव म्हटलं असतं तर ते दोघे माझ्याकडे बघूनही हसले असते, म्हणून रोज म्हणालो. आणि तुला वाटलं की पोराला ठाऊक नाही, म्हणून तू त्या उन्हात उभा राहून, मला रस पाजत, सगळं नीट समजावून सांगितलंस.